पाण्यात अडकलेली रिमोटची बोट सुरक्षितपणे परत कशी आणावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोटवर चालणारी बोट तलावाच्या मधोमध बंद पडली, की काठावरच्या माणसाची सगळी नजर त्या बोटीवर खिळते आणि आपल्या व बोटीच्या मध्ये किती पाणी आहे, ते कसे आहे, याचा विचार मागे पडतो. महाराष्ट्रातील तलाव, शेततळी, जुन्या खाणी आणि खाड्या यांच्या काठी बोटी चालवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: बोट काठावरूनच परत आणायची, आणि ती कशी आणायची हे बोट पाण्यात सोडण्यापूर्वीच ठरवायचे. ते ठरवता येत नसेल, तर त्या पाण्यात बोट सोडू नये.

बोट पाण्यात मध्येच थांबली, तर सर्वांत आधी काय करावे?

थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरची वेगाची कळ, शून्यावर आणावा, पण रिमोट बंद करू नये. बोटीतील सिग्नल घेणारा रिसीव्हर चालू असताना रिमोट बंद केला, तर फेलसेफ (सिग्नल तुटताच मोटर थांबवणारी सोय) नीट न बसवलेल्या बोटींत मोटर अचानक सुरू होऊ शकते. त्यानंतर समोरच्या काठावरील एखादे झाड, देऊळ किंवा विजेचा खांब यांच्या रेषेत बोट कोठे दिसते हे लक्षात ठेवावे. बोट पाण्यापासून फार उंच नसते, त्यामुळे दिवस मावळू लागल्यावर ती नजरेआड व्हायला वेळ लागत नाही.

मग कारण शोधावे. सिग्नल तुटला असेल, तर काठाने चालत बोटीच्या जवळ जावे आणि रिमोट उंच धरावा. आजकालचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीखाली गेली किंवा ओली झाली की पल्ला एकदम घटतो. दोन-तीन मीटर उंचीच्या बांधावर चढल्यानेही कित्येकदा बोट पुन्हा ऐकू लागते. बॅटरी उतरली असेल, तर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. विसाव्यानंतर लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा व्होल्टेज थोडा वर येतो आणि अगदी कमी थ्रॉटलवर बोट काही मीटर सरकते. पुन्हा थांबावे, पुन्हा सरकवावे. एका सेलचा व्होल्टेज ३ व्होल्टच्या खाली गेला तर ती बॅटरी खराब होईल, हे खरे आहे, परंतु अशा वेळी बॅटरीचा जीव वाचवण्याचा हिशोब करत बसू नये. पंख्यात शेवाळ किंवा गवत अडकले असेल आणि बोटीला रिव्हर्स असेल, तर क्षणभर उलट फिरवून पाहावे. मोटर घरघरत असूनही पंखा फिरत नसेल तर लगेच थांबावे, नाहीतर मोटर किंवा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) जळेल.

यांपैकी काहीच चालले नाही, तर वाट पाहावी. वारा असेल तर बंद पडलेली बोट आज ना उद्या कोणत्या तरी काठाला लागतेच.

पाणी कमरेइतकेच आहे आणि मला चांगले पोहता येते. मग उतरून बोट आणायला काय हरकत आहे?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि माणसे जीव गमावतात तीही बहुधा याच विचाराने, म्हणून याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक वाटते.

कमरेइतके पाणी हा काठावरून केलेला अंदाज असतो. आपल्याकडील अनेक तलावांतून गाळ, मुरूम किंवा माती काढलेली असते, त्यामुळे तळ सपाट नसतो. चार पावले कमरेइतक्या पाण्यातून गेल्यावर पाचवे पाऊल डोक्यावर पाणी असलेल्या खड्ड्यात पडू शकते. गाळाची गोष्ट याहून वाईट आहे. गाळात मांडीपर्यंत रुतलेला पाय ओढून काढताना दुसऱ्या पायावर भार येतो आणि तोही रुततो. या झटापटीत तोल गेला, तर कमरेइतक्या पाण्यातही तोंड पाण्याखाली जाते. ज्या तलावांत गणेशमूर्तींचे विसर्जन होते, तेथे तळाशी लोखंडी सळया, लाकडी पाट, तारा आणि खिळे पडलेले असतात, ते वरून दिसत नाहीत.

पोहता येते म्हणजे काय, हेही तपासून पाहिले पाहिजे. विहिरीत किंवा तरणतलावात पोहणाऱ्याला चार हातांवर कठडा किंवा पायरी असते. तलावात बोटीकडे पोहत निघालेल्या माणसाच्या अंगावर जीन्स आणि बूट असतात, त्याने आधी हातपाय ताणलेले नसतात, आणि त्याचे ठिकाण स्थिर नसते. हलकी बोट वाऱ्याने पुढे पुढे सरकत राहते. सामान्य पोहणारा तिला गाठतो तेव्हा ठरवलेल्या अंतराच्या दुप्पट पोहून गेलेला असतो, आणि परतताना वारा तोंडावर असतो व एका हातात बोट असते. दमछाक नेमकी तेव्हाच होते.

आमच्या बरोबरचा एक जण असाच गुडघाभर पाण्यात उतरला आणि दहाव्या पावलाला मांडीपर्यंत गाळात रुतला. आम्ही दोघांनी पोटावर आडवे होऊन बांबू पुढे केला आणि त्याला ओढून काढले. त्याची एक चप्पल अजूनही त्या गाळात आहे. तासाभराने बोट आपोआप पलीकडच्या काठाला लागली. त्या दिवसापासून आमच्यापैकी कोणीही बोटीसाठी पाण्यात पाय घालत नाही, आणि हा नियम मोडणाऱ्याला आम्ही पुन्हा बरोबर नेत नाही.

काठावर उभे राहून बोट कशी ओढून आणावी?

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे मासे धरण्याची रीळ-काठी आणि तिच्या तंगूसाला (मासेमारीच्या दोऱ्याला) बांधलेला टेनिसचा चेंडू. चेंडूला आरपार भोक पाडून तंगूस ओवावा आणि पलीकडे मोठी गाठ मारावी. चेंडू हलका वाटला तर आत थोडे पाणी भरावे. चेंडू बोटीवर फेकायचा नसतो, तर बोटीच्या पलीकडे आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाकायचा असतो, म्हणजे तंगूस बोटीवर आडवा पडतो. मग तो सावकाश गुंडाळत गेल्यास चेंडू बोटीच्या सुकाणूत किंवा वरच्या भागात अडकतो आणि बोट मागोमाग येते. झटका दिला तर तंगूस निसटतो. थोड्या सरावाने तीस-चाळीस मीटरपर्यंत हे सहज जमते. चेंडूऐवजी उघडा गळ वापरू नये, कारण तो हवेतून परत येताना शेजाऱ्याच्या डोळ्यात शिरू शकतो.

तलाव अरुंद असेल, तर दोघांनी दोन काठांवर उभे राहून पाण्यावर तरंगणारी दोरी धरावी आणि एकाच दिशेने चालत जावे. दोरी बोटीला आपल्यापुढे लोटत नेते. यासाठी पॉलीप्रॉपिलीनची दोरी लागते, कारण ती तरंगते. सुती किंवा नायलॉनची दोरी बुडते आणि तळाच्या काटक्यांत अडकते. दुसरी रिमोटची बोट असेल, तर तिच्यामागे तरंगत्या दोरीचा सैल फास बांधून बंद बोटीला वळसा घालता येतो. मात्र दोरी त्या बोटीच्या पंख्यात गेली तर बंद पडलेल्या बोटी दोन होतात, म्हणून दोरीचा पहिला मीटरभर भाग बोटीच्या वरच्या बाजूने, उंच धरून ठेवलेला असावा.

काठाजवळ अडकलेल्या बोटीसाठी कोकणातला आंबे काढायचा झेला उत्तम. बांबू लांब असतो, टोकाला जाळी असते आणि बोट अलगद तिच्यात बसते. बुडालेली बोट उथळ पाण्यात दिसत असेल, तर विहिरीत पडलेला पोहरा काढायचा गळ दोरीला बांधून वापरता येतो. ही साधने वापरताना कोरड्या, न घसरणाऱ्या जागी उभे राहावे. काठाच्या अगदी टोकावरून पुढे वाकून हात लांबवणे हीच अनेकदा पाण्यात पडण्याची सुरुवात असते.

बोट अडकूच नये यासाठी आधी काय करता येईल?

वारा ज्या काठाकडे वाहतो, त्या काठावर उभे राहून बोट चालवावी. मग ती बंद पडली तरी वारा तिला आपल्याकडेच आणतो. एवढी एक सवय लावून घेतली, तर या पानावरील निम्मे प्रश्न उरणार नाहीत.

बोटीच्या पोकळीत फोमचे तुकडे भरावेत, म्हणजे पाणी शिरले तरी ती बुडत नाही. झाकणाच्या कडेला टेप लावावा. फेलसेफ असा बसवावा की सिग्नल तुटताच मोटर थांबेल, आणि हे काठावर रिमोट बंद करून, पंख्यापासून हात दूर ठेवून तपासावे. बॅटरी किती मिनिटे चालते हे ठाऊक करून घ्यावे आणि त्या वेळेच्या दोन-तृतीयांशात बोट परत बोलवावी. एकट्याने बोट चालवायला जाऊ नये.

शेततळ्यात बोट चालवणे सुरक्षित नाही का? ते तर लहान असते आणि पाणीही स्थिर असते.

प्लास्टिकचे अस्तर असलेले शेततळे हे बोटीसाठी सोयीचे आणि माणसासाठी अतिशय घातक पाणी आहे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे अशी तळी गावोगावी झाली, आणि त्यांत बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यांत पट्टीचे पोहणारेही असतात. याचे कारण खोलीपेक्षा उतारात आहे. तळ्याच्या बाजू साधारणपणे एक मीटर खोलीला दीड मीटर आडव्या अशा उताराच्या असतात. पाणी काठापासून एक मीटर खाली गेले असेल, तर वर येण्यासाठी जवळजवळ १.८ मीटर ओले, शेवाळलेले प्लास्टिक चढावे लागते, आणि त्यावर बोटे रोवायला काहीही नसते. माणूस काठाशी पोहोचतो, चढतो, घसरतो, पुन्हा चढतो आणि थकतो. उन्हाळ्यात पाणी जितके कमी, तितकी ही चढण लांब. म्हणून अर्धे रिकामे तळे भरलेल्या तळ्यापेक्षा कमी धोक्याचे आहे असे समजू नये.

अशा तळ्यावर बोट चालवायचीच असेल, तर मालकाची परवानगी घ्यावी आणि तळ्याला कुंपण व पकडीची सोय आहे का हे पाहावे. प्रत्येक बाजूला खुंट्याला पक्की बांधलेली, हात-हात अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यापर्यंत सोडलेली असावी. जुने टायर एकमेकांना बांधून सोडले तरी पायाला आधार मिळतो. अस्तराच्या उतारावर, ते कोरडे दिसत असले तरी, एक पाऊलही ठेवू नये. पाण्यात विजेचा पंप असेल, तर त्याचा पुरवठा खटक्यावरून बंद करवून घ्यावा, कारण सोललेल्या वायरीमुळे पाण्यात विद्युतप्रवाह उतरतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तरंगती दोरी दोन बाजूंनी धरून बोट ओढण्याची पद्धत शेततळ्यात फार चांगली चालते, त्यामुळे येथे कोणालाही आत उतरण्याचे कारणच नसते.

जुन्या खाणी, नद्या आणि खाड्या यांचे काय?

दगडखाणीतील पाण्याला काठ नसतो, कडा असतो. एका पावलात कित्येक मीटर खोली, बाहेर येण्यास जागा नाही आणि वरचे दगड सुटे. तेथे बोट चालवू नये, एवढेच उत्तर आहे.

धरणाखालच्या नदीपात्रात पाणी कधी सोडले जाईल हे पात्रात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. खडकवासल्यातून मुठेत किंवा गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग होतो, तेव्हा स्वच्छ ऊन पडलेले असू शकते, कारण पाऊस वर घाटात झालेला असतो. भोंगा ऐकू आला किंवा पाणी अचानक गढूळ होऊन काडीकचरा वाहू लागला, तर बोट सोडून तत्काळ वर यावे.

खाडीत भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय जाऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी सुमारे सहा तासांत चार मीटरहून अधिक बदलते. ओहोटीत चिखलावर बसलेल्या बोटीकडे चालत गेलेला माणूस चिखलात अडकला आणि भरती सुरू झाली, तर त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो. त्याऐवजी थांबावे; भरती बोटीला उचलते. बोट समुद्राकडे वाहत गेली तर ती गेली असे समजावे.

जलपर्णीत बोट अडकली आहे. वर हिरवळ दाट दिसते. तिच्यावरून जाता येईल का?

कदापि नाही. जलपर्णीचा थर माणसाचे वजन पेलत नाही. तिच्या मुळ्या पाण्यात खाली लोंबत असतात. त्यांत पाय गुंतले की पोहता येत नाही आणि डोके वर काढायला मोकळी जागाही मिळत नाही. शिवाय वारा फिरला की सगळा थरच सरकतो आणि मागची वाट बंद करतो. लांब बांबूने पाने बाजूला सारून तंगूस टाकावा, नाहीतर वारा फिरण्याची वाट पाहावी.

मगरी आणि रोगराई यांची भीती कितपत खरी आहे?

मुंबईच्या पवई तलावात, सांगलीजवळ कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि गोव्यातील कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. अशा ठिकाणी काठावर बसून पाण्यात हात घालणेही टाळावे.

रोगांमध्ये लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. उंदीर, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि पायावरील जखमेतून शरीरात शिरतात. घाण किंवा साचलेल्या पाण्यात पाय गेलाच, तर साबणाने धुवावा आणि जखम असल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात हाच सल्ला देते. नंतर ताप आला, तर पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

होडी किंवा कयाक घेऊन बोट आणायला गेले तर चालेल का?

होडी चांगली असेल, ती चालवणारा जाणता असेल, जलाशयावर परवानगी असेल आणि अंगावर लाइफ जॅकेट बांधलेले असेल, तर चालेल. जॅकेट होडीत ठेवलेले नव्हे, अंगावर आणि सर्व पट्टे आवळलेले असावे. त्यावर उत्प्लावक बल न्यूटनमध्ये छापलेले असते: ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत करते, तर १०० किंवा १५० न्यूटनचे जॅकेट तोंड पाण्यावर राहावे या दृष्टीने बनवलेले असते. पाठीला बांधायचा डबा, ट्रॅक्टरची ट्यूब किंवा थर्माकोलची फळी ही पोहायला शिकण्याची साधने आहेत. त्यांवर बसून तलावाच्या मध्यावर जाऊ नये. होडीत बसून बोट उचलताना एका बाजूला वाकू नये, ती मागच्या टोकाकडून ओढून घ्यावी.

आम्ही परदेशात राहतो. तेथील तळ्यांसाठी वेगळे काही आहे का?

ब्रिटन, कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात पाण्याचा थंडपणा हाच मुख्य शत्रू आहे. १५ अंश सेल्सिअसहून थंड पाण्यात अचानक पडल्यास श्वास आपोआप धापेने आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुफ्फुसांत जाते. अतिथंड पाण्याबाबत असे सांगतात, की पहिल्या एका मिनिटात श्वास ताब्यात आणावा, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात, आणि शरीराचे तापमान घसरून शुद्ध हरपण्यास साधारण एक तास लागतो. म्हणून पडल्यावर लगेच पोहू नये. पाठीवर तरंगून श्वास शांत होऊ द्यावा. गोठलेल्या तळ्यावर बोट अडकली असेल तर बर्फावर चालत जाऊ नये. चालण्यासाठी किमान १० सेंटिमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो आणि काठावरून त्याची जाडी कळत नाही.

मुलांना काय सांगावे?

सांगण्यापेक्षा जवळ थांबावे. मोठा माणूस हाताच्या अंतरावर नसेल, तर मुलाच्या हाती रिमोट देऊ नये. आणि बोट गेली तर कोणी रागावणार नाही, हे त्याला घरून निघण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगावे. महागडी भेट हरवली म्हणून घरी ओरडा बसेल, या भीतीने मूल कोणालाही न सांगता पाण्यात उतरते. त्याची ती भीती काढून टाकणे हे पालकांचे काम आहे.

कोणी पाण्यात पडून बुडू लागले, तर?

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होते, हात बाजूंना पाणी दाबत राहतात, आणि असे एखादे मिनिटही टिकत नाही. त्याच्यामागे उडी मारू नये; तो वाचवणाऱ्यालाच घट्ट धरून खाली नेतो. पोटावर आडवे होऊन बांबू पुढे करावा. बांबू पुरत नसेल तर दोरी, ओढणी किंवा साडी फेकावी. नऊवारी साडी सुमारे आठ मीटर लांब असते आणि तिने ओढून माणसे वाचवता येतात. झाकण घट्ट लावलेला, तळाशी थोडे पाणी ठेवलेला पाच लिटरचा तेलाचा कॅन दोरीला बांधून ठेवला, तर तो दूरवर फेकता येतो आणि धरून तरंगताही येते. हा कॅन बोटीच्या पेटीइतकाच नेमाने बरोबर न्यावा. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ वर फोन करावा. समुद्रात असल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पाणी काढण्यासाठी पोट दाबणे या जुन्या समजुतींनी मोलाचा वेळ जातो आणि पोटातील पदार्थ श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. श्वास चालू नसेल तर त्याला कठीण जमिनीवर उताणे ठेवावे, प्रशिक्षण असल्यास आधी कृत्रिम श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यावर पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. ३० दाबांनंतर २ श्वास, असे १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुफ्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

बोट हाती आल्यावर लगेच काय करावे?

पंख्याला हात लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी. सिग्नल परत आला की अडकलेली मोटर सुरू होऊ शकते आणि पंख्याच्या पात्याने बोटे कापली जातात. भिजलेली लायपो बॅटरी गाडीत किंवा पिशवीत ठेवू नये. मोकळ्या जागी, फरशीवर किंवा दगडावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून काही तास लक्ष ठेवावे. ती फुगली असेल किंवा खाऱ्या पाण्यात गेली असेल, तर पुन्हा चार्ज करू नये. खाडीच्या पाण्यातून आलेल्या बोटीचे उरलेले भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत.

आणि बोट मिळालीच नाही तर?

बोटीच्या तळाला आपला फोन क्रमांक पुसला जाणार नाही अशा शाईने लिहून ठेवलेला असावा. निघण्यापूर्वी तलावाच्या रखवालदाराला किंवा तेथे जाळी टाकणाऱ्या मासेमारांना बोटीचा रंग, ती कोठे थांबली आणि वारा कोणीकडे होता हे सांगावे. आत बॅटरी आहे, ती उघडू नये, हेही सांगावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, वाऱ्याच्या दिशेच्या काठाने एक फेरी मारावी. लव्हाळ्यात आणि घाटाच्या पायऱ्यांशी आधी पाहावे, कारण बहुतेक बोटी तेथेच सापडतात.